माहेरी न आणलेली पश्मी

आमच्या घरातून पश्मी कुत्री बाहेर जायची ती फक्त लेकीबरोबर. नर पिल्लू कुणालाही मिळायचं. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या ओळखीतला कुणी शेतकरी, उदगीरच्या मोंढ्यातला एखादा अडत्या घरी खेपा घालायचा, चहा प्यायचा, आणि आप्पांच्या मनाला आला तर पिल्लू काखेत मारून निघायचा. पैशाचं नाव काढलं की आप्पा त्याला वाटेला लावत. मादी मात्र मागायची सोयच नव्हती. कुणी मागितलीच तर ते शांतपणे विचारत, "आमची लेक करून घ्यायलास का?" माणूस हसायचा आणि विषय बदलायचा.

पश्मी म्हणजे काय, हे आता लातुरातसुद्धा समजावून सांगावं लागतं. कारवान कुत्रा लोकांनी निदान पाहिलेला असतो: लांब तोंडाचा, पोट पाठीला लागलेला, पळायला लागला की मोटारसायकलवाल्याला मागं टाकणारा. पश्मी त्याचंच भावंड, फक्त कानांवर आणि शेपटीवर मऊ लांब केस. निजामाच्या काळात रोहिल्यांच्या घोड्यांमागून ही कुत्री आमच्या मुलखात आली असं सांगत. खरं-खोटं देव जाणे. ती फार भुंकत नसत. परक्यानं हात लावलेला त्यांना खपत नसे. दूध-भाकरी खाऊन दिवसभर सावलीत पडून राहायची, आणि ससा उठला की मात्र नुसती धूळ दिसायची. ससा मारायला कायद्यानं बंदी होती हे आप्पांनाही ठाऊक होतं आणि गावालाही. त्यावर कुणी बोलत नसे.

आत्याच्या लग्नाच्या वेळी मी लहान होते, पण तिची पाठवणी मला आठवते. आत्या म्हणजे आप्पांची पाठची बहीण. तिला किल्लारीच्या बाजूच्या एका गावात दिली होती. जीपगाडीत बसण्याआधी आईनं एका मादी पिल्लाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ते आत्याच्या ओटीत ठेवलं. आत्या रडत होती आणि पिल्लू तिच्या शालूची जर चावत होतं. वरपक्षाकडच्या कुणीतरी नाक मुरडलं, तेव्हा आत्याच्या नवऱ्यानं स्वतः हात पुढे करून ते घेतलं. आप्पा नंतर कितीतरी वेळा सांगत, की आपला जावई चांगला आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. मला वाटतं, एवढ्यावरून एवढं ठरवू नये. पण तो माणूस खरंच चांगला होता.

या रीतीला दुसरी बाजूही होती. लेकीबरोबर गेलेली कुत्री तिच्याच घरची होई. तिची नर पिल्लं आप्पा मागून आणत, पण तिला स्वतःला कधी परत आणत नसत. ती माहेरी परत यायची ती लेक कायमची परत आली तरच. आप्पांच्या एका आत्याला नवऱ्यानं टाकलं, तेव्हा बैलगाडीच्या मागून तिची कुत्री चालत आली होती, आणि ती पाहून गावात कुणाला काही विचारावं लागलं नव्हतं. घरातले पुरुष असल्या गोष्टी तोंडानं बोलत नसत. कुत्री दिसली की जे कळायचं ते कळे.

नरांचा कारभार उदगीरच्या चाचांकडं होता. चाचा म्हणजे आप्पांचे दोस्त, मोंढ्यात बारदान्याचा धंदा करणारे. माद्या आमच्याकडं, नर त्यांच्याकडं, असं दोघांच्या वडिलांपासून चालत आलेलं. कुत्री माजावर आली की चाचा आपला नर घेऊन यायचे, आणि आमच्या घरी पाहुणचार असा व्हायचा की आई म्हणे, याच्यापेक्षा माझ्या भावाच्या सोयरिकीला कमी धावपळ झाली. कुणाची आई कोण, बाप कोण, हे दोघांना तोंडपाठ. बहीण-भावाचं जुळू नये म्हणून ते इतके जपत, की कधी कधी माजाचे दिवस वादातच निघून जात. मी तेव्हा हसायचे. आता वाटतं, त्या हट्टातच काहीतरी चुकत होतं. बाहेरच्याला मादी द्यायची नाही, घरातलं घरात जुळवायचं नाही, आणि लेकी तरी किती असणार? आप्पांच्या मोठ्या चुलत बहिणींबरोबर गेलेल्या माद्यांचे वंश सांभाळण्याअभावी केव्हाच गावठी झाले होते. कुत्र्यांची जात सगळी मरून संपते असं लोकांना वाटतं. आमच्याकडं ती जिवंतच होती, दारोदार हिंडत होती, फक्त दर वेताला थोडी थोडी ओळखू येईनाशी झाली.

मग एका उन्हाळ्यात कुत्र्यांत रोग आला. नाका-डोळ्यांतून पाणी, मग झटके. आप्पांनी नांदेडहून औषध आणवलं, चाचांनी कुणाकुणाचे ताईत आणले, पण आमची थोरली कुत्री गेली आणि माझ्यासाठी म्हणून राखलेलं तिचं मादी पिल्लूही गेलं. मी तेव्हा लातूरला कॉलेजात होते. घरी आले तर अंगणातली तिची जागा आईनं सारवून घेतली होती. त्यानंतर खऱ्या पश्मीची एकच मादी उरली, ती आत्याच्या घरी. ती आत्याच्या पहिल्या कुत्रीच्या पोटची, चांगली तरणी आणि निरोगी. आप्पा म्हणाले, काळजी नाही, आपलं बी अजून शाबूत आहे.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भूकंपाची बातमी आली. आमच्याकडं भिंतींना तडे गेले होते तेवढंच. आप्पा मिळेल त्या टेम्पोत बसून गेले. बायकांच्या जवळ बाई हवी म्हणून मलाही घेतलं. तिथं जे पाहिलं त्याचं वर्णन मी आजवर कुणाजवळ केलेलं नाही आणि इथंही करणार नाही. दगड-मातीची, वर मातीचं जड माळवद असलेली घरं होती. आत्याला ताप होता म्हणून ती अंगणात बाजेवर निजली होती, एवढ्यावर ती वाचली. तिचा नवरा आणि सासू आत होते. आत्याला मूलबाळ नव्हतं. थोरला दीर, जाऊ आणि त्यांची पोरं तेवढी उरली.

आम्ही पुन्हा गेलो ते तेराव्याला. तोवर गावाबाहेर पत्र्याची शेडं उभी राहिली होती. त्या दिवसांत लोक कुत्र्यांवर फार चिडून होते. ढिगाऱ्यांभोवती फिरणाऱ्या कुत्र्यांबद्दल काय काय बोललं जाई, आणि दिसेल त्या कुत्र्याला दगड बसे. आत्यानं आपली पश्मी शेडच्या आत, धान्याच्या पोत्यांमागं बांधून ठेवली होती. जावेला ते पसंत नव्हतं. आम्हाला पाहून कुत्री उठली, आप्पांचा हात हुंगला आणि त्यांच्या पायाशी बसली. तिची हाडं वर आली होती, पण केसांत एक गोचीड नव्हती.

विधी झाले, जेवणं झाली. निघताना आप्पा शेडच्या दाराशी उभे होते. आत्या कुत्रीची दोरी हातात घेऊन बाहेर आली. माणसं आजूबाजूलाच होती, म्हणून ती हळू बोलली.

"दादा, हिचं काय करायचं?"

आप्पांनी कुत्रीकडं पाहिलं. शेवटची मादी. ती आमच्या घरी आली असती तर चाचांचा नर तयारच होता. मी मनातल्या मनात दोरी हातात घेतलीसुद्धा होती. आप्पांनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. तुझं घर हाय, तुझी कुत्री हाय."

आत्या हो म्हणाली आणि आत गेली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही, कारण मी आप्पांकडं रागानं बघत होते.

परतीच्या वाटेवर मी त्यांना बोललेच. कुत्री तिथं मारली जाईल, नाहीतर शेडातली गावठी कुत्री तिला सोडणार नाहीत, मग आपल्याकडं काय राहणार, असं बरंच काही. आप्पा म्हणाले, "नवऱ्याचं तेरावं आज झालं अन् आजच दारातनं कुत्री सोडून न्यायची? तिला काय वाटंल? तुझं हितलं संपलं, असंच सांगितल्यावानी झालं असतं." हे ऐकून माझा राग निवळला. उलट वडिलांचा अभिमान वाटला. स्वतःच्या जिवापलीकडं जपलेली गोष्ट बहिणीचं मन दुखू नये म्हणून त्यांनी सोडून दिली, हे मी पुढं कितीतरी वर्षं लोकांना कौतुकानं सांगत आले.

चाचांना ते पटलं नाही. त्यांनी आप्पांना आमच्या अंगणात उभं राहून झापलं. रीत माणसासाठी असते, जमीन हलल्यावर कसली रीत, असं त्यांचं म्हणणं. आप्पांनी एवढंच सांगितलं, की नर तिकडं नेऊ, सोयरीक तिथंच करू. थंडीत आत्यानं निरोप धाडला की कुत्री माजावर येतेय. पण निरोप आणणारा मधे दुसऱ्या गावी थांबला, चाचांना जीप लवकर मिळाली नाही, आणि दोघं नर घेऊन पोचले तेव्हा उशीर झाला होता. दोन महिन्यांनी कुत्रीला पिल्लं झाली ती आखूड कानांची, ठिपक्याठिपक्यांची. जावेच्या पोरांनी ती वाटून टाकली. पुढच्या माजाची वाट पाहायची असं ठरलं. तोवर नव्या गावठाणाचं बांधकाम सुरू झालं होतं आणि रस्त्यावर दिवसभर सिमेंटचे ट्रक धावत होते. त्यातल्याच एकाखाली ती गेली.

माझं लग्न झालं तेव्हा माझ्या ओटीत तांदूळ, नारळ, हळकुंडं होती. पिल्लू नव्हतं. आईनं सवयीनं मागं वळून अंगणाकडं पाहिलं आणि मग डोळ्यांना पदर लावला. सासरच्यांना वाटलं, लेकीसाठी रडते.

आप्पांनी मादी शोधली नाही असं नाही. कुणी सांगितलं उमरीला एका पिंजाऱ्याच्या घरी आहे, तर ते उमरीला गेले. ती केसाळ होती खरी, पण पोमेरियनच्या वळणाची. इस्लापूरच्या बाजूला आहे म्हणाले, तर तिथं नुसता कारवान निघाला, तोही पोट सुटलेला. दर वेळी आप्पा घरी येऊन चाचांना सांगत, आणि दर वेळी चाचा म्हणत, बहिणीच्या घरात होती तेव्हा आणली नाहीस. काही वर्षांनी चाचा गेले. त्यांच्या मुलांनी नर ज्याला त्याला देऊन टाकले. एक आप्पांकडं आला.

लातूरचं तोवर शिकवणीचं गाव झालं होतं. माझ्या नवऱ्याची शाळेतली नोकरी होती, पण आमच्या घराच्या चारी बाजूंनी क्लासेस उभे राहिले, तसे आम्हीही वर दोन मजले चढवून मुलींचं हॉस्टेल काढलं. खाली मेस, वर खोल्या. नांदेडहून, परभणीहून, पार चंद्रपूरकडून मुली यायच्या डॉक्टर व्हायला. गावाकडचं गायरान आणि माळ प्लॉटिंगमध्ये गेले. ससे कुठं गेले कुणी विचारलं नाही. आई वारल्यावर भावानं शेताचा मोठा भाग विकला आणि आप्पा माझ्याकडं आले, सोबत तो नर घेऊन.

हॉस्टेलच्या गच्चीवर पश्मी ठेवणं म्हणजे काय, ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. मुली वाळत घातलेल्या कपड्यांमधून पुस्तकं घेऊन फेऱ्या मारायच्या, आणि त्यांच्यासोबत हाही फेऱ्या मारायचा, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. पळायला सुरुवात केली की भिंत यायची. मुली त्याला बिस्किटं खाऊ घालायच्या, त्याच्या कानांच्या केसांना रबर बांधायच्या. पालकांना मात्र तो आवडेना. एका आईनं माझ्यासमोर सांगितलं की मुलीच्या अभ्यासात व्यत्यय येतो. मग मी त्याला साखळी घातली. आप्पा रोज पहाटे त्याला रिंगरोडपर्यंत नेऊ लागले. तिथंही गाड्याच. म्हातारा होऊन तो गच्चीवरच मेला, आणि मी ठरवलं की पुन्हा या गच्चीवर कुत्रा आणायचा नाही. या बाबतीत माझा शब्द शेवटचा आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्याच सुमारास आत्या माझ्याकडं आली. आली म्हणजे मी आणली. मधली सगळी वर्षं ती दिराच्या घरात राबत होती. नव्या गावात मिळालेलं घर दिराच्या नावावर, नवऱ्याच्या वाट्याची जमीन दिराच्या कसण्यात, आणि आत्या स्वयंपाकघरात. दिवाळीला, राखीला ती यायची, दोन दिवस राहायची आणि आप्पांनी गाडीत बसवली की जायची. डोळ्याच्या ऑपरेशनला म्हणून मी तिला लातूरला आणलं. नंतर दिराचा मुलगा न्यायला आला. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं की आत्या आता इथंच राहील. तो वाद घालायच्या तयारीनं आला होता, पण माझा आवाज ऐकून निघाला. आत्या त्या दिवशी मेसच्या ओट्यापाशी बसून बराच वेळ मेथी निवडत होती. मेथी संपली तरी देठंच पुन्हा निवडत राहिली.

मागच्या हिवाळ्यात पुण्याचा एक तरुण आप्पांना शोधत आला. देशी कुत्र्यांच्या मागं लागलेला, भला मुलगा. चाचांच्या नराचा एक वंश त्याला सापडला होता. कर्नाटकातल्या एका घरी पश्मीची मादी मिळाली, तिला त्यानं तो नर लावला आणि पिल्लं झाली. त्यातलं एक मादी पिल्लू तो घेऊन आला होता. आप्पांनी चाचांबरोबर ही जात राखली, म्हणून यातली पहिली मादी त्यांच्या हाती द्यावी, असं त्याच्या मनात आलं होतं. त्यानं टोपलीचं झाकण काढलं. पिल्लू बाहेर आलं, सतरंजीवर घसरलं, उभं राहिलं. तेच लांब तोंड, कानांवर नुकते फुटलेले केस.

आप्पांनी पिल्लाचा जबडा पाहिला, पंजे पाहिले, शेपटी बोटातून ओढून पाहिली. मी गच्चीचा नियम विसरले होते. हे पिल्लू खरं तर माझ्या ओटीत यायचं होतं. पण आप्पांनी ते उचललं आणि समोर बसलेल्या बहिणीपुढं धरलं.

"घे. तुझी गेली, ही घे."

आत्यानं हात पुढं केले नाहीत. तिनं पिल्लाकडं पाहिलं, मग म्हणाली, "नगं मला."

आप्पा हसून म्हणाले की रीतीप्रमाणं कुत्री लेकीलाच जाते, आणि आमच्या घरची थोरली लेक तूच. तेव्हा आत्या बोलली. आवाज चढवला नाही. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी बोलली.

"लेक कवा मानलास मला? तेराव्याला मी दोरी धरून उभी हुते. म्हणलं, दादा कुत्री सोडील, म्हंजी मलाबी नेईल. तू म्हणलास, ऱ्हाऊ दे. मी ऱ्हायले."

तो पुण्याचा मुलगा काही न कळून आमच्याकडं पाहत होता. मला मात्र शेडचं ते दार जसंच्या तसं दिसलं. मी इतकी वर्षं ज्या गोष्टीचं कौतुक सांगत हिंडले होते, ती आत्यानं दारात उभं राहून अशी ऐकली होती. एकाला वाटलं, कुत्री नेली तर बहिणीचं घर मोडल्यासारखं होईल. दुसरीला वाटलं, कुत्री नेली नाही म्हणजे आपल्याला माहेर उरलं नाही. कुत्रीपुरता प्रश्न असता तर मी सोडून दिला असता. माझ्या आत्याचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यापायी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेलं होतं, आणि या घरात त्याबद्दल कुणी तोंड उघडलं नव्हतं. मला संताप आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

आप्पांनी पिल्लू खाली ठेवलं. मग म्हणाले, "तू सांगितलं का न्हाईस?"

"लेकीनं म्हणायचं नसतंय, दादा. न्यायला आलेल्यानं म्हणायचं असतंय."

त्या मुलाला मी जेवून जा म्हटलं, पण तो थांबला नाही. पिल्लू टोपलीत घालून त्यानं आप्पांना नमस्कार केला आणि गाडी काढली. मी त्याला थांबवू शकले असते. मलाच दे, असं म्हणायला एक क्षण पुरला असता. पण आत्यानं नको म्हटलेली कुत्री तिच्या डोळ्यांदेखत घरात आणायचा धीर मला झाला नाही. पुढं त्यानं ते पिल्लू बंगळूरच्या कुणाला तरी दिलं असं कळलं.

संध्याकाळी मुली क्लासहून परतायला लागल्या, मेसमध्ये ताटं वाजू लागली. आत्या नेहमीप्रमाणं भाकरी थापायला उठली. आप्पा भिंतीला धरून तिच्या मागं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. तिथं ते कधी येत नसत. आत्यानं वळून पाहिलं नाही.

"बाई," आप्पा म्हणाले, "घरी चल."

तिनं तव्यावर भाकरी टाकली, पाण्याचा हात फिरवला.

"आता कुणाच्या, दादा?" ती म्हणाली. "आपण दोघंबी लेकीच्याच दारात हाव."